हत्याराला पर्याय

मोटार कंपन्या आपल्या अधिकृत गॅरेजांसाठी दुरुस्तीची जी जाडजूड पुस्तकं छापतात, त्यांतल्या सस्पेन्शनच्या प्रकरणात एक सूचना हटकून येते. अमुक भाग काढण्यासाठी विशेष हत्यार क्रमांक तमुक वापरावं. एवढं सांगून पुस्तक शांतपणे पुढच्या पायरीकडे वळतं. वाचणारा मात्र तिथंच अडकतो, कारण ते हत्यार त्याच्याकडे नसतं, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नसतं आणि गावातल्या दुकानातही मिळत नाही. आपल्याकडची निम्मी मोटारदुरुस्ती ही त्या न मिळणाऱ्या हत्याराच्या जागी दुसरं काहीतरी उभं करण्यात गेलेली आहे.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. हे दोन्ही धंदे बसून करायचे. त्यामुळे असेल, पण रविवारी सकाळी गाडीखाली सरकून लोखंडाशी झटापट करण्याची ओढ मला लागली ती सुटली नाही. १९९१ साली घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी हे निमित्त. बदल्या तालुक्याच्या गावी होत. तिथं ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे मेकॅनिक पुष्कळ, पण मोटारीला हात लावणारा एखादाच, आणि तोही नेमका लग्नाला गेलेला असे. पद्मिनी गेली, पुढं २००४ ची मारुती ८०० आली, ती फेरनोंदणी करून आजही आमच्या सोसायटीच्या आवारात उभी आहे. तिच्या चारही कोपऱ्यांशी माझी ओळख माझ्या काही नातेवाइकांपेक्षा जवळची आहे.

सस्पेन्शन हा शब्द घरातल्या मंडळींना परका वाटत असला तरी त्याचं बिल परकं नसतं. चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का थेट आपल्या मणक्यापर्यंत पोचू नये म्हणून चाक आणि गाडी यांच्यामध्ये जी व्यवस्था केलेली असते ती ही. वजन पेलायला स्प्रिंग, स्प्रिंगचं नाचणं थांबवायला शॉकॲबसॉर्बर, चाकाला जागेवर धरून ठेवायला लोखंडी हात, त्या हातांच्या सांध्यांत रबराचे बुश आणि स्टिअरिंग वळावं म्हणून बॉलजॉइंट. पद्मिनीला पुढं गुंडाळी स्प्रिंग आणि मागं बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले कमानीचे पाटे. मारुती ८०० ला पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॲबसॉर्बर एकाच नळकांड्यात ओवलेले. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावरच उभ्या आहेत. आपले रस्ते असे, की यातलं काही ना काही दोन-तीन पावसाळ्यांत खडखडू लागतंच.

आता बुशचंच घ्या. रबर चिरलं की गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते, खड्ड्यात 'टक्' असा आवाज येतो. नवा बुश किमतीला अगदी किरकोळ. पण तो लोखंडी हातात इतका घट्ट बसवलेला असतो की काढायला आणि घालायला प्रेस लागते. घरी प्रेस कुठली? घरी असते व्हाइस, म्हणजे टेबलाला जखडलेला तो दोन जबड्यांचा लोखंडी शिकंजा, आणि असतो गोटी पान्यांचा संच. बुशच्या बाहेरच्या नळीएवढ्या मापाची एक गोटी एका बाजूला लावायची, बुश जिच्यात आरामात शिरेल अशी मोठी गोटी दुसऱ्या बाजूला, मध्ये तो हात, आणि व्हाइसचा दांडा हळूहळू फिरवायचा. लहान गोटी ढकलते, मोठी गोटी पोटात घेते. पहिला बुश असा सुटला तेव्हा त्याने बाटलीच्या बुचासारखा आवाज केला होता. हात गाडीवरच ठेवून काम करायचं असेल तर बोहरी आळीत मिळणारी सोळा मिलिमीटरची आट्यांची सळई, दोन नट, जाड वायसर आणि योग्य मापाच्या पाइपाचे दोन तुकडे, एवढ्यात तीच प्रेस आडवी तयार होते. आट्यांना ग्रीस मात्र भरपूर लावायचं, नाहीतर सगळी ताकद लोखंड लोखंडावर घासण्यातच जाते.

नवा बुश घालायच्या आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर त्याची बाहेरची नळी केसभर आकसते आणि तो सोपा बसतो. आमच्या घरी या गोष्टीवरून थोडी बोलाचाली झाली, कारण फ्रीजरमध्ये त्या दिवशी श्रीखंडही होतं. सौभाग्यवतींचं म्हणणं, बुश डब्यात ठेवा, आणि डबा पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. ते रास्तच होतं. रबर सरकावं म्हणून लावायचं ते साबणाचं पाणी. इंजिन ऑइल लावण्याचा मोह होतो, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि नासतं. आणखी एक गोष्ट, जी कित्येक गॅरेजांतही पाळली जात नाही: बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा फाटतं. यासाठी कुठलंच हत्यार लागत नाही, लागतो तो थोडा धीर.

बॉलजॉइंट सोडवायला कंपनीचा ओढा असतो, बाजारात दोन दातांचा काटाही मिळतो. काटा ठोकला की जॉइंट सुटतो खरा, पण त्याची रबरी टोपी फाटते, म्हणजे जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तर घात. आमच्या पद्मिनीच्या मिस्त्रीने मला दोन हातोड्यांची रीत दाखवली. नट थोडा सैल करून आट्यांवर तसाच ठेवायचा, एक जड हातोडा त्या डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हातोड्याने समोरून एकच नेमका ठोका द्यायचा. आतला खांब निमुळता असतो. ठोक्याने भोवतालचा डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि खांब सुटतो. दहा हलक्या ठोक्यांनी जे होत नाही ते एका मनापासून मारलेल्या ठोक्याने होतं. नट आट्यांवर ठेवायचा तो यासाठी, की खांब सुटल्यावर सगळं खाली कोसळू नये.

आमच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा हे माझं सर्वांत आवडतं पर्यायी हत्यार. बोल्ट किती आवळायचा याचं माप पुस्तकात दिलेलं असतं आणि ते मोजायला टॉर्क पाना लागतो. जुन्या पुस्तकांत हे माप किलोग्रॅम-मीटरमध्ये असे, आणि ते नाव स्वतःच आपली कृती सांगतं. आठ किलोग्रॅम-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला आठ किलोचा ओढ. दांडा अर्ध्या मीटरचा असेल तर सोळा किलो. पान्यावर पाइप चढवायचा, बोल्टच्या मध्यापासून पन्नास सेंटिमीटरवर खूण करायची, तिथं ताणकाट्याचा आकडा अडकवायचा आणि दांड्याशी काटकोन ठेवून काटा सोळावर येईपर्यंत ओढायचं. रद्दीवाल्याच्या काट्यावर वर्तमानपत्रांच्या बाबतीत माझा विश्वास नाही, म्हणून आधी पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीवर तो तपासून घ्यायचा. बँकेची सवय.

चाकांची दिशा तपासायलाही यंत्राआधी सूत उपयोगी पडतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि पुढच्या चाकाच्या रिमचं पुढचं आणि मागचं टोक दोरीपासून किती दूर आहे ते पट्टीने मोजायचं. चाक उभं आहे की कललं आहे हे गवंड्याचा ओळंबा सांगतो. आणि बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागेवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर जोडताना चाक जवळजवळ पूर्वीच्या जागी येतं. यंत्रावर अलाइनमेंट नंतर करून घ्यावीच, पण तिथवर गाडी सरळ जाते.

हे सगळं मी एवढ्या लांबणीने लिहिलं, कारण या कामातला आनंद आणि त्यातली बुद्धी मला मान्य आहे हे वाचकांना कळावं. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स नावाच्या गृहस्थांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक काढलं आणि पुढं त्या पुस्तकांची मोठी मालिका झाली. त्यांचा दंडक असा होता, की आधी गाडी प्रत्यक्ष सुटी करायची, पुन्हा जोडायची आणि मग लिहायचं. त्यामुळे कंपनीच्या विशेष हत्याराशिवाय मार्ग निघत असेल तर तो त्या पुस्तकांत सापडे. आपल्याकडे असं पुस्तक मराठीत कुणी लिहिलं असतं तर त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या असत्या. आपल्या मिस्त्रींची सगळी विद्या मात्र तोंडी. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बाद झाली. तिच्याबद्दल हळहळणारे लेख पुष्कळ आले. तिला अर्धशतकभर रस्त्यावर ठेवणाऱ्या लोकांच्या हातात कुठली हत्यारं होती, हे कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहायची म्हणूनच हा लेख.

मारुतीच्या पुढच्या नळकांड्यातला शॉकॲबसॉर्बर बदलायचा तर त्याच्याभोवतीची स्प्रिंग दाबून धरावी लागते. ती दाबलेली असल्याशिवाय वरचा मधला नट सोडायचा नाही. हा नट म्हणजे पिंजऱ्याची कडी. यासाठी जे हत्यार असतं त्याला स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हणतात: समोरासमोर लावायच्या दोन आट्यांच्या सळया, प्रत्येकीला दोन आकडे. ते नसलं की आपल्याकडे तार येते. गाडीच्या वजनाने किंवा चार माणसं बॉनेटवर बसवून स्प्रिंग दाबायची, दाबलेल्या वेढ्यांना बांधकामाची तार किंवा साखळी गुंडाळायची, आणि मग गाडी उचलायची. स्प्रिंग दबलेलीच राहते. काम होतं, आणि फुकट होतं. शंभरदा होतं.

बँकेतल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. छोट्या गाडीची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला समजा दोन किलोचं बळ लागतं. ती दीडशे मिलिमीटर दाबली तर शेवटी तीनशे किलोचं बळ तिला धरून असतं. त्या दाबण्यात जी शक्ती साठली ती, दहा किलोचं वजन सव्वादोन मीटर उंचीवर नेऊन ठेवण्याएवढी. म्हणजे घरातल्या फळीपेक्षाही वर दहा किलोचा घण लटकतो आहे, आणि त्याला धरून आहे ती छतावर वेळू बांधायची तार. शिवाय घण निदान सरळ खाली पडतो. स्प्रिंग कुठल्या दिशेला जाईल ते तिचं तिलाच माहीत.

नव्वदच्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाप्रमुख होतो. स्टँडमागं एक मिस्त्री होते, हाताला विलक्षण गुण असलेले. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा होता, सगळे त्याला बारक्या म्हणत. एका दुपारी अशीच तार बांधलेली स्प्रिंग सुटली. मिस्त्रींच्या कपाळाला चाटून गेली, आणि बारक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापर्यंत गेली. मी संध्याकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा पोराचा बाप बाकावर बसला होता. तो मिस्त्रींवर चिडलेला नव्हता. तो मला म्हणाला, "साहेब, डाव्या हातानं लिहायला येईल का हो त्याला?" शाळा त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

मिस्त्री पुढं बरेच दिवस गप्प असायचे. एकदा शाखेत आले तेव्हा मी विचारलं, की तो कॉम्प्रेसर घेऊन का ठेवला नाही? ते म्हणाले, "साहेब, हवेच्या कॉम्प्रेसरला तुम्ही कर्ज देता. पान्याला कोण देतंय?"

हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. शिकलेल्या बेकार तरुणाला धंदा काढायला एक लाखापर्यंतच्या प्रकल्पाचं कर्ज. गॅरेजसाठीचे अर्ज आमच्याकडे गठ्ठ्याने येत. प्रकल्प अहवालाचा एक छापील नमुनाच गावात फिरत असे, आणि त्यात हवेचा कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा सेट, चार्जर, टेबल-खुर्ची, पाटी असं सगळं आपापल्या रकमेसह असे. यंत्र दिसतं, तारण म्हणून त्यावर बँकेची पट्टी चिकटवता येते, पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्याचा फोटो काढता येतो. हातातली हत्यारं शेवटच्या ओळीत, 'इतर' या शीर्षाखाली. आणि मंजूर रकमेत काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री 'इतर'वर चाले, हेही मी पाहिलेलं आहे. एका लाखाच्या गॅरेजमध्ये माणसाच्या बोटांची व्यवस्था त्या एका ओळीत होती.

पुढं योजनांची नावं बदलली. २००८ मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, २०१५ मध्ये मुद्रा कर्जं आली. ती आल्यापासून तरी गॅरेजवाल्यांना तारणाशिवाय पैसे मिळायला लागले, हे कबूल केलं पाहिजे. कायदाही पुढं सरकला. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला, घरच्या धंद्यात शाळेनंतर केलेली मदत सोडली तर, कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरलं. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. पण कुठल्याही हमरस्त्यावरच्या गॅरेजांसमोरून चालत जा आणि गाडीखालून बाहेर आलेले पाय किती वयाचे आहेत ते पाहा.

पण सगळा दोष गॅरेजवाल्याच्या पदरात घालणंही बरोबर नाही. मोटार कंपन्या आपली दुरुस्तीची पुस्तकं, सुटे भाग आणि निदानाची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, अशी तक्रार स्पर्धा आयोगापुढं गेली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड केला. दंडाबद्दलचा वाद पुढं अपिलांत गेला. तो कायद्याच्या लोकांनी बघावा. मला त्यातलं एवढंच दिसतं, की जो माणूस विद्येने कमी नाही त्याला पुस्तकही द्यायचं नाही आणि हत्यारही द्यायचं नाही, आणि मग त्याने तार बांधली की 'बघा, हे असलं काम असतं' म्हणून आपल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवायचं, हा व्यवहार सरळ नाही.

या बाबतीत दोन प्रकारच्या लोकांशी माझं पटत नाही. एक म्हणतात, गाडीला घरी हात लावूच नका, कंपनीत न्या. हे बहुधा असे लोक असतात ज्यांनी त्या बिलाची दुसरी बाजू वाचलेली नसते. व्हाइसमध्ये दोन गोट्या लावून बुश बसवणाऱ्या माणसाला बुशचं काम काय हे कळतं. तो खड्डा पाहून गाडी हळू करतो. दुसरे म्हणजे जुगाडाचे भक्त. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शब्दाला फार भाव आला. त्यावर पुस्तकं निघाली, व्यवस्थापनाच्या शाळांत व्याख्यानं झाली, आणि भारतीय प्रतिभेचा जणू शिक्काच त्याच्यावर बसला. व्याख्यान देणाऱ्या कुणाच्या हाताला मी अजून तुटलेलं बोट पाहिलेलं नाही. तारेने बांधलेल्या स्प्रिंगला प्रतिभा म्हणायला मी तयार नाही. ती नाइलाजाची वस्तू आहे, आणि नाइलाजाचं कौतुक केलं की इलाज करण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

मी स्वतः एक साधा प्रश्न विचारतो: हे पर्यायी हत्यार निसटलं, तर काय होईल? व्हाइसमधली गोटी निसटली तर ती पायावर पडेल, मी शिवी देईन आणि पुन्हा लावीन. ताणकाटा चुकला तर बोल्ट थोडा कमी-जास्त आवळला जाईल आणि तो पुन्हा तपासता येईल. दोरी सैल झाली तर माप चुकेल. पण दाबलेली स्प्रिंग निसटली तर पुन्हा लावायला हात शिल्लक असेलच असं नाही. जिथं साठवलेली शक्ती आहे, वजन डोक्यावर आहे, तिथं पर्याय शोधायचा नाही. घरी करणाऱ्याला तर त्याची गरजही नसते. खालचे दोन बोल्ट आणि वरचे बाजूचे नट सोडून, मधल्या नटाला हात न लावता, ते नळकांडं आहे तसं अख्खं बाहेर काढता येतं. पिशवीत घालून रिक्षाने प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्यायचं, तिथं स्प्रिंग बदलून आणायची आणि घरी बसवायची. मी तसंच करतो. ब्रेकची नळी आधी क्लिपमधून मोकळी करायची, ताणू द्यायची नाही.

जॅकचंही तेच. हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतलं रबर गेलं की तो न बोलता खाली बसतो. त्याच्या जोडीला आपल्याकडे विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचतात. वीट सगळीकडून सारखा भार आला तर खूप पेलते, पण एका कडेवर, एका टोकावर भार आला की फुटते, आणि आधी सूचना देत नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं लाकूड निदान मोडण्याआधी कुरकुरतं. लोखंडी घोड्या नसतील तर जाड लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचावेत आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावं. घोडी मात्र घ्यावीच. स्प्रिंग कॉम्प्रेसरची साधी जोडी आज हजार-दोन हजारांच्या घरात मिळते, घोड्यांची जोडीही फार महाग नाही. अडचण किमतीची कमी आणि वापराची जास्त आहे. घरच्या माणसाला हे सगळं चार वर्षांतून एकदा लागतं. एकदाच लागणाऱ्या वस्तूला पैसे घालायचे कुणाला नको असतं, आणि मग तार दिसते.

आपल्याकडे या अडचणीवर फार जुना तोडगा आहे, फक्त तो गाडीला लावलेला नाही. लग्नाची मोठी पातेली, घंगाळं, सतरंज्या, समया कुणीच घरी ठेवत नसे. त्या गावच्या देवळात किंवा मंडळात असत. लागतील तेव्हा वहीत नाव लिहून न्यायच्या, घासून परत आणायच्या. पन्नास लोकांची खीर घरच्या पातेल्यात शिजवायचा जुगाड कुणी करत नसे, कारण दोन गल्ल्यांपलीकडे हंडा होता. आज शंभर बिऱ्हाडांच्या सोसायटीत साठ गाड्या असतात आणि एकही घोडी नसते. चार घोड्या, एक कॉम्प्रेसरची जोडी, एक टॉर्क पाना, एक बॉलजॉइंटचा ओढा, एवढं एका लोखंडी कपाटात राहतं. सोसायटीखालच्या गॅरेजवाल्यालाही ते नाममात्र भाड्याने देता येईल. मी तर म्हणेन, आधी त्यालाच द्यावं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ही सूचना मांडली. एक काका म्हणाले, कुणी हरवलं तर? मी म्हटलं, अनामत ठेवू. एका ताईंनी विचारलं, कुणाला लागलं तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न चांगला होता आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली. औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला एक तरुण आमच्या ब विंगमध्ये राहतो. तो म्हणाला, पहिल्यांदा नेणाऱ्याला मी अर्धा तास दाखवीन, त्याशिवाय किल्ली द्यायची नाही. तेवढ्यावर ठराव झाला. खजिनदारांनी कोटेशनं मागवायला सांगितली आहेत. तीन हवीत म्हणाले. दोन मी नाना पेठेतून आणली, तिसरं या बुधवारी आणतो.